मोराचे पाय आणि पाचोडचे चिंचोके

औरंगाबादच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीला रॉकेलचा वास येत होता. एस.टी.त रात्रभर शेजारी बसलेल्या बाईंनी तोंडाला पदर लावला होता तो उतरतानाच काढला. आता या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. त्या वर्षी पाटीवर अजून औरंगाबादच होतं. मार्च उजाडला होता, सकाळीच ऊन चटका देत होतं, आणि मी स्टँडबाहेर उभी राहून विचार करत होते की असल्या पिशवीसकट मला कोण खोली देईल.

पिशवीत दोन साड्या होत्या. बाकी सगळा माझा फिरता संसार: वातीचा छोटा स्टोव्ह, एक पातेलं, लाकडी उलथणं, रंगाच्या डब्या, पांढऱ्या पॉलिस्टरचे तुकडे आणि शाळेच्या पाटीएवढी एक छापायची स्क्रीन. त्या स्क्रीनवर मोराचे पाय होते. मोर नव्हता, फक्त पाय.

हे जरा उलगडून सांगायला हवं. इचलकरंजीत आमचा साड्या छापायचा कारखाना आहे. लांबलचक टेबलांवर कापड ताणायचं, वर जाळीची स्क्रीन ठेवायची आणि रंग ओढायचा, असं सगळं हातकाम. सासरे गेल्यावर टेबलं माझा धाकटा दीर वसंता बघायला लागला आणि रंगखोली माझ्याकडे आली. रंगखोली म्हणजे कारखान्याचं स्वयंपाकघरच, त्यामुळे तिथे सून गेली यात घरात कुणाला वावगं वाटलं नाही. मला तर तिथेच बरं वाटायचं.

रंग नुसता पाण्यात कालवून छापता येत नाही, तो कापडावर पसरतो. त्याला जागच्या जागी धरून ठेवायला दाट खळ लागते. कुणी ती डिंकाची करतं, कुणी गवारीच्या बियांची, कुणी चिंचोक्याच्या पिठाची. आमच्या धंद्यात या सगळ्याला सरसकट ‘गम’ म्हणतात. गम चांगला असला की केसाएवढी रेघ केसाएवढीच उठते. वाईट असला की रेघ फुटते, जाळी तुंबते, नाहीतर धुतल्यावरही कापड पापडासारखं कडक राहतं.

त्या वर्षी आमच्या साड्यांच्या काठावर मोर होते. पिसारा झकास उठायचा, पण पाय सुजायचे. जुना गमवाला मालात काय मिसळायला लागला होता, त्याचं त्याला ठाऊक. माल घेणारे पुण्याचे एक व्यापारी एकदा साडी उजेडात धरून म्हणाले, “वहिनी, हे मोर आहेत की पाय सुजलेली बदकं?” वसंता हसला. मला हसू आलं नाही, कारण त्यांनी पुढचं वाक्यही हसतच टाकलं होतं. पुढचा माल बघायला ते स्वतः येणार होते, आणि पाय पुन्हा असेच दिसले तर सगळं काम सुरतेला देणार होते. तसं झालं असतं तर आमची निम्मी टेबलं झाकून ठेवावी लागली असती आणि त्या टेबलांवरच्या माणसांना काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं. मराठवाड्यात डिंक आणि चिंचोके मुबलक मिळतात, आणि औरंगाबादला गमचा एक नवा कारखानाही निघालाय असं कळलं होतं. म्हणून मी निघाले. सगळे पुरवठादार स्वतः बघायचे, जागेवर खळ शिजवायची आणि पाय छापूनच ठरवायचं, असा माझा बेत होता.

स्टँडजवळच्या लॉजचे मॅनेजर पिशवीकडे बघून म्हणाले, “मॅडम, रूममधी स्वयंपाक करायचा नाय.”

“स्वयंपाक नाही हो. खळ शिजवायचीय.”

“कशासाठी?”

“मोराच्या पायांसाठी.”

मग बहुधा नको ते प्रश्न वाढू नयेत म्हणून त्यांनी मला गच्चीची किल्ली दिली. पुढचे दिवस ती गच्ची माझी प्रयोगशाळा झाली.

पहिला मुक्काम चिकलठाण्याचा तो गमचा नवा कारखाना. रिक्षा औद्योगिक वसाहतीत शिरली तसे रस्ते रुंद झाले, झाडं छोटी झाली आणि सगळीकडे नव्या चुन्याचा वास येऊ लागला. विक्री बघणारे साहेब तरुण होते, इस्त्रीचा शर्ट, समोर काचेखाली देवाचा फोटो. त्यांनी पांढऱ्याशुभ्र पुडीची एक छोटी बाटली माझ्या पुढ्यात ठेवली. वर छापील चिठ्ठी चिकटवलेली.

मी म्हटलं, “पोत्यातला माल बघायला मिळेल का?”

“पोती कशाला, मॅडम? ही खास तुमच्यासाठी काढलीय.” साहेबांच्या बोलण्यात कौतुक होतं, आणि मीही त्या वेळी ‘थँक्यू’ म्हणून बाटली पदराआड घेतली.

गच्चीवर येऊन खळ शिजवली. पाय छापले. रेघ अशी उठली की मी एकटीच “वा!” म्हणाले आणि पलीकडच्या गच्चीवर कुरडया घालणाऱ्या बाईंनी मान वळवून पाहिलं. पण तुकडा वाळवून धुतला तर हाताला कडकच्या कडकच. पुन्हा धुतला, मग गरम पाण्यात धुतला. तरी तो तुकडा उभा केला तर उभा राहत होता. साडी नेसणारी बाई काही बोर्डावरचं पोस्टर नव्हे. त्या बाटलीवर मी मनातल्या मनात काट मारली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शहागंजच्या बाजारातल्या डिंकाच्या ज्या दुकानाचं नाव मला सांगितलं होतं, ते बंद. मग हातात आलेला दिवस वाया कशाला घालवा म्हणून वेरूळची बस धरली. पडेगाव मागे पडलं, दौलताबादचा किल्ला डाव्या हाताला उभा राहिला आणि घाट चढताना थोडा गार वारा लागला. वाटेत बस थांबली तेव्हा खिडकीशी पानात बांधलेले अंजीर आले. मी घेतले आणि वेरूळ येईपर्यंत संपवले. हात चिकट झाले ते झालेच.

लेण्यांबद्दल मी काय लिहावं? माणसांनी वरून खाली डोंगर कोरत देऊळ काढलं, हे डोळ्यांनी बघूनही पटत नाही. पण मी पडले रंगखोलीतली. सगळे लोक हत्ती आणि खांब बघत होते, आणि मी मान मोडेपर्यंत छताकडे पाहत होते. तिथे जुन्या रंगाचे काही पोपडे अजून चिकटून आहेत. इतकी वर्षं, इतकी वटवाघळं, इतका ओलावा, तरी तांबडा तांबडाच आहे. हे लोक रंगात कसला डिंक घालत होते? मला राहवेना. तिथल्या राखणदाराला विचारलं.

तो काठी टेकून थोडा वेळ छताकडे बघत राहिला. “बाई, मी हितं लई वर्सं हाय. लोकं मला इचारत्यात, पानी कुठंय, संडास कुठंय. डिंकाचं कुनी नव्हतं इचारलं.”

“मग काय वाटतं तुम्हाला?”

“मला वाटतंय,” तो म्हणाला, “चांगला असनार.”

यापेक्षा नेमकं उत्तर मला आजतागायत कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं, देवाकडेही पायांचंच मागणं मागितलं, आणि परत आले.

शनिवारी शहागंज. दुकान अरुंद आणि खोल, दोन्ही बाजूंना पोती, आणि आत गादीवर पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, म्हणून मीही म्हणाले. मी इतक्या लांबून डिंक बघायला आलेय हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला की डिंक राहिला बाजूला, आधी नान-खलिया (तंदुरी रोट आणि मटणाचा दाट रस्सा) मागवला गेला. आमची कोल्हापूरकडची जीभ, ती दुसऱ्या गावच्या रश्शाला सहसा मान देत नाही. इथे तिने मुकाट्याने दिला. चाचा सांगत होते की त्यांच्या वडिलांच्या काळात, पोलिस ॲक्शनच्या आधीच्या निजामाच्या राज्यात, इथला डिंक हैदराबादला जायचा, आणि आता मुंबईच्या मिठाईवाल्यांना जातो.

मग त्यांनी मागच्या कपाटातून रेशमी रुमालात बांधलेला धावड्याचा डिंक काढला. एकेक खडा पारदर्शक, मधाच्या रंगाचा.

मी पुढच्या पोत्याकडे बोट दाखवलं. त्यात काळपट खडे होते, सालीचे तुकडे होते. “चाचा, मला यातला द्या. रोज विकता तो.”

चाचांचा चेहरा पडला. “बाजी (म्हणजे ताई), नमूना ऐसे बोरे में से देते क्या? आप मेहमान है. हमारे इधर ऐसा नक्को.”

मला वाटलं, हा एका माणसाचा स्वभाव आहे. कारखान्यातल्या साहेबांची बाटली मला तेव्हा आठवली नाही, ही माझीच कमाल. पोत्यातला मूठभर डिंक मी शेवटी हट्टानेच घेतला. गच्चीवर दोन्ही शिजवून पाहिले. रुमालातल्या डिंकाचे पाय सुरेख उठले, पोत्यातल्या डिंकाने पायांना काळे तीळ आले. रुमालात बांधून कारखाना चालत नाही, तेव्हा हाही रद्द. संध्याकाळी चाचांना तसं सांगायला गेले, तर ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, “आपको इमली के बीज का आटा होना. पाचोड जाव. गयाबाई का नाम लेव. बड़ी खरी औरत है.”

पाचोडची बस आडूळवरून जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या चिंचा होत्या. त्यांच्या खाली बायका चिंचा फोडत बसलेल्या, आणि चिंचोक्यांचे तपकिरी ढीग उन्हात चमकत होते. मधूनच मोसंबीची बाग आली की डोळ्यांना बरं वाटायचं. मी खिडकीतून ते ढीग मोजत नव्हते, पण माझं मन मात्र तेच करत होतं: एवढ्यात केवढे मोर उभे राहतील!

गयाबाईंचं घर शोधावं लागलं नाही. गिरणीचा आवाज धरून गेलं की तेच. गयाबाई पन्नाशीच्या, उंच, नऊवारी घट्ट कसलेली, आणि बोलणं गिरणीच्या वरताण. जमीन होती, मोसंबीची बाग होती, मुलगा औरंगाबादला कंपनीत होता. गावातले चिंचोके गोळा करून, भाजून, टरफलं काढून दळायचा उद्योग त्यांनी स्वतःच्या डोक्याने काढला होता. त्यांनी माझी पिशवी हातातून घेतली, वास घेतला आणि म्हणाल्या, “ताई, घासलेट सांडलंय व्हय? आदी जेवा. मंग काय ते बघू.”

बाजरीची भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ घालून केलेली) असं जेवण झालं. आमटी पिऊन मला घाम फुटला आणि सगळा शीण उतरला. सून वाढत होती. मी दोनदा ‘पुरे’ म्हटलं, आणि त्याचा कुणावरही परिणाम झाला नाही.

जेवणानंतर गयाबाई मला माजघरात घेऊन गेल्या. कोपऱ्यात ज्वारीची कणगी होती (तुराट्यांची विणून, शेणामातीने सारवलेली, माणसाएवढी उंच कोठी). त्या पाटावर चढल्या, पदर खोचला आणि ज्वारीत खांद्यापर्यंत हात खुपसला. चाचपलं आणि खालून एक स्टीलचा डबा उपसून काढला.

“तिथे का ठेवलाय?” मी विचारलं.

“चांगली चीज वर ठिवली की चार हात लागत्यात. आमच्यात सोनं घ्या, अंडी घ्या, पाडाचे आंबे घ्या, समदं दान्यात खाली. कुनी घेनारं आलं तर द्यावं म्हनून दळून ठिवलं व्हतं.”

डब्यात चिंचोक्याचं पीठ होतं. असं पीठ मी आधी पाहिलं नव्हतं. नुकत्या चाळलेल्या तांदळाच्या पिठासारखं मऊ, त्यात टरफलाचा एक कण नाही.

ओट्यावर स्टोव्ह मांडला. बघता बघता अर्धी आळी जमली. खळ शिजली, निवली, तिला छान तार आली. मी रंग मिसळला, कापड पाटावर ताणलं आणि स्क्रीन ठेवून रंग ओढला. स्क्रीन उचलली तर खाली पाय: बारीक, कोरडे, नखं वेगळी मोजता येतील असे.

एक म्हातारी पुढे वाकून म्हणाली, “अगं, नुसते पायच? मोर कुठं गेला?”

“मोर इचलकरंजीला आहे, आजी. पाय दुखतात म्हणून तेवढे दाखवायला आणलेत.”

बायका हसल्या आणि गयाबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, कित्येक आठवड्यांत वाटलं नव्हतं तसं. मुक्काम तिथेच केला. सकाळी उठून पाहिलं, खळ आंबली नव्हती. वाळलेला तुकडा धुतला, तर कापड रुमालासारखं मऊ. मी गयाबाईंना सांगूनच टाकलं, “माल तुमचाच घेणार.”

त्या दिवशी पाचोडचा आठवडी बाजार होता. बस दुपारी होती, म्हणून मी हिंडायला गेले. बैल, बाजरी, मिरच्या, बांगड्या असं बघत बघत एका धनगर बाईंपाशी थांबले. ठकूबाई त्यांचं नाव. समोर घोंगड्या रचलेल्या, काळ्याभोर, आणि हात लावला तर चांगल्याच ताठ.

“याला खळ कसली लावता?” माझा नेहमीचा प्रश्न.

“चिचुक्याची. लोकरीच्या ताण्याला त्याबिगर जोर न्हाई. ह्ये बघा की.” त्यांनी शेजारची पिशवी उघडून दाखवली. आत भुरं, भरड पीठ होतं, टरफलाच्या चुऱ्याने भरलेलं.

“हे कुठलं?”

“गयाबाईचंच. दर बाजारी तिच्याकूनच नेते. ब्येस असतंय.”

मी चिमूटभर हातावर घेतलं आणि बोटाने चोळलं. घोंगडीला हे पीठ उत्तमच होतं. लोकरीला टरफलाचं काय वाईट वाटणार? पण आमच्या जाळीवर हे ओतलं असतं तर मोराला पायच राहिले नसते. डब्यातलं पीठ वेगळं आणि पोत्यातलं वेगळं. बाटली, रुमाल, डबा: एकाच गोष्टीला मी तिसऱ्यांदा ठेचकाळले होते, आणि या वेळी तर हो म्हणून बसले होते.

तडक गिरणीवर गेले. राग आलाच होता, लपवलाही नाही. “गयाबाई, तुम्ही मला दाखवलंत एक आणि विकता दुसरंच.”

गिरणी बंद झाली. गयाबाई हात झटकत बाहेर आल्या. “म्हंजी मी तुमाला फशिवलं म्हंता?”

“मग काय म्हणू? मला रोजचं पीठ बघायचं होतं. नमुना म्हणजे रोजचा माल.”

“आवं, पाव्हन्याला रोजचं द्येत्यात व्हय? तुमी दारात आलात, मी कोंड्याची भाकर वाढली का? ते पीठ मी आन् सुनंनं एकेक चिचुका निवडून, दोनदा भाजून, जुन्या लुगड्यातून वस्त्रगाळ क्येलंय. तुमाला चांगलं दिलं, त्ये माझं चुकलं?” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज खाली आला नव्हता. “आन् रोजचं बघायचं व्हतं तर पोत्यात हात घालायचा. समोर पोती हायती. डब्यात काय बघता?”

पोती खरंच समोर होती. काल संध्याकाळी मी त्यांतल्याच एका पोत्यावर बसून चहा प्यायले होते. या मुलखात मला कुणीच फसवलं नव्हतं. मी नमुना मागत होते आणि हे लोक पाहुणचार करत होते.

मी तिथेच पोत्यावर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. पुण्याचे व्यापारी, सुजलेले पाय, सुरत, टेबलांवरची माणसं. गयाबाईंनी ऐकून घेतलं. सुनेने न विचारता चहा आणला.

“तसं पीठ पोतंभर निघेल का?” मी शेवटी विचारलं.

“रोज पाव्हने आले तर घरचं मानूस उपाशी मरंल की, ताई.”

“फक्त रेघांपुरतं हवंय. बाकीच्या रंगाला दुसरं चालेल.”

“बघते,” त्या म्हणाल्या. “जमलं तर धाडते. न्हाय जमलं तर धाडनार न्हाय. पर तुमी पैलं मला खोटी म्हनलात.”

मी हात जोडून माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, कळलं नाही. बसमध्ये चढताना मात्र सुनेने माझ्या पिशवीत कागदात बांधलेले धपाटे कोंबले, आणि त्यांच्या संगतीने रॉकेलचा वास नगरपर्यंत तरी दबून राहिला.

इचलकरंजीला आले. वसंताने विचारलं, “काय आणलंस, वहिनी?” मी म्हटलं, “धपाटे.” दिवस चालले. पुण्याच्या व्यापाऱ्यांचा निरोप आला की ते अमुक दिवशी येताहेत. पाचोडहून काही नाही. मी जुन्याच गमचा डबा पुढे ओढला होता, तेव्हा ट्रान्स्पोर्टवाल्याचा माणूस सांगायला आला की पाचोडहून एक पोतं उतरलंय.

पोत्याचं तोंड मी स्वतः उसवलं. चमचा घातला, वरचं पीठ काढलं आणि हातावर घेऊन पाहिलं.

भुरं. भरड. टरफलाच्या चुऱ्याने भरलेलं. ठकूबाईंच्या घोंगडीचंच पीठ.

तरीही वेडी आशा म्हणून शिजवून पाहिलं. जाळी तिसऱ्या ओढीलाच तुंबली आणि पाय पूर्वीपेक्षा जास्त सुजले. जाळी धुवायला टाकून वसंता म्हणाला, “परत पाठवू या, वहिनी.” मला रडू आलं. माणसांसमोर आलं, आणि मी ते पुसलंही नाही. एवढ्या लांब जाऊन, एवढं खाऊन-पिऊन, माझ्या हातात हे आलं होतं. त्या बाईंना मी खोटी म्हटलं आणि त्यांनी मला माझी जागा दाखवली, असंच मला वाटलं.

वसंता पोत्याचं तोंड शिवायला सुई-दोरा घेऊन आला. तो वाकला, आणि का कोण जाणे, मला ती पाटावर चढलेली उंच बाई दिसली, खोचलेला पदर, ज्वारीत बुडालेला हात. समदं दान्यात खाली. पोत्यात हात घालायचा, डब्यात काय बघता?

“थांब,” मी म्हटलं.

बांगड्या मागे सारल्या आणि त्या भुऱ्या पिठात हात खुपसला. कोपर गेलं. खांदा टेकला. बोटांना कापड लागलं.

जुन्या लुगड्याची भली थोरली पिशवी होती ती, दुहेरी शिवण घातलेली. आम्ही दोघांनी ती ओढून बाहेर काढली. आत पांढरं मऊ पीठ गच्च भरलेलं. हमालांच्या हुकांपासून, ओलीपासून, वाटेतल्या चार हातांपासून ते जपून आणायचं तर गयाबाईंना एकच रीत माहीत होती. घरातली चांगली चीज जशी ठेवतात, तशी त्यांनी ती ठेवली होती. मी खालपर्यंत हात घालीन की नाही, हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

भुरं पीठ आम्ही गाळून जमिनीच्या, म्हणजे साडीच्या अंगभर पसरणाऱ्या, रंगाला वापरलं. पांढऱ्या पिठाने फक्त पाय छापले.

व्यापारी आले त्या दिवशी साड्यांची थप्पी टेबलावर रचून ठेवली होती. घडीवर घडी, काठ बाहेर. त्यांनी नेहमीप्रमाणे वरच्या साडीला हात घातला. मी त्यांचा हात धरला. वसंता माझ्याकडे बघतच राहिला, कारण थप्पीवरची साडी त्याने सकाळी खास निवडून ठेवली होती.

“वरची नको,” मी म्हटलं. “ती पाहुण्यांची आहे. खालून काढा.”

त्यांनी मला एकदा निरखून पाहिलं, मग शर्टाची बाही वर केली, थप्पीच्या मध्यात हात घातला आणि एक साडी ओढून काढली. खिडकीशी नेऊन काठ उजेडात धरला. बोटाने एकेक पाय तपासला. टेबलांवरची माणसंही हातातलं काम थांबवून उभी होती.

“वहिनी,” ते म्हणाले, “याला पाय आहेत.”